पडताना पुढे आलेले हात

माझ्या नातवाच्या कानात मी अजान दिली ती काचेच्या पेटीजवळ उभा राहून. मुलगी पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून आमच्याकडे अकोल्याला आली होती. दिवस पूर्ण भरलेले; पण कळा लांबल्या आणि बाळ जन्मताच रडले नाही. आठ दिवसांनी ते घरी आले. आम्ही अकीका केला, मोहल्ल्यात गोश्त वाटले. संकट टळले असे वाटले. 'दर महिन्याला तपासणी' असे लिहिलेला कागद मात्र कपाटातच राहिला.

चौथ्या महिन्यात मुलगी म्हणाली, "अब्बा, ये मुठ्ठी खोलताच नहीं." अंगठा आत दाबून दोन्ही मुठी घट्ट. दार वाजले की दोन्ही हात फेकून दचकायचा. माझी बीबी म्हणाली, "नजर लगी है." तावीज आणला. तो बांधला मी, तीस वर्षे पोरांना विज्ञान शिकवलेल्या मास्तराने. मान उजवीकडे वळली की उजवा हात सरळ ताठ व्हायचा, डावा दुमडायचा. शेजारी कौतुकाने म्हणायचे, "तिरंदाज होनार हाय!" आम्ही हसायचो.

सातव्या महिन्यात अमरावतीला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला पाहिले. म्हणाल्या, "चाचा, हे दचकणं, ही मूठ, ही तिरंदाजी प्रत्येक लेकरू जन्मताना घेऊनच येते. पण मेंदू वाढला की साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत ते मावळायला पाहिजे. ते गेल्याशिवाय हात तोंडाशी येत नाही, कूस बदलता येत नाही." त्या दचकण्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने 1918 साली त्याचे वर्णन केले. कठीण प्रसूती आणि पुढे अंग ताठ होणे यांचा संबंध तर डॉ. विल्यम लिटल यांनी 1861 साली लंडनच्या डॉक्टरांपुढे मांडला होता. आणि आम्ही तावीज बांधत होतो!

"मग हा सेरेब्रल पाल्सीच का?" मी विचारले. "एका खुणेवरून शिक्का मारायचा नसतो," त्या म्हणाल्या. "पण खूण दिसली की थांबायचं नसते. लहान मेंदू लवकर शिकतो." गेलेले तीन महिने माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

सासरी कुजबुज सुरू झाली होती, 'मां में ही कुछ खोट होगी.' मी समधींसमोर बसून सांगितले, खोट माझ्या मुलीची नाही. बाळाच्या मेंदूला जन्मताना प्राणवायू कमी पडला असावा, असे डॉक्टर म्हणतात. आणि कागद कपाटात ठेवण्याची चूक माझी आहे. समधी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी लेकराला घेऊन व्यायामाला तेच गेले.

त्यानंतर दर आठवड्याला अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने अमरावती अशी माझी फेरी सुरू झाली. पोटावर झोपवणे, मुठी हळूहळू उघडणे, हात छातीसमोर एकत्र आणणे. फजरच्या नमाजनंतर मुलगी तेच करायची. दुआ सोडली नाही. पण आता दुआबरोबर हातही चालू लागले.

बाई बाळाला पोटाशी धरून अलगद पुढे झुकवायच्या. अशा वेळी निरोगी लेकरू आठव्या-नवव्या महिन्यापासून पडण्याआधीच हात पुढे टाकते. याला पॅराशूट म्हणतात. हे मात्र आयुष्यभर राहते. आमच्याकडे ते येईना. चौदाव्या महिन्यात एका सकाळी दोन्ही तळवे उघडून पुढे आले. मुलगी रडली. मीही.

आज तो पाच वर्षांचा आहे. डावा पाय ओढतो, वॉकर धरून चालतो. पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण पडतो तेव्हा हात पुढे येतात, आणि उठतो.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी होते. जिल्हा पातळीवर त्यासाठी डीईआयसी केंद्रांची तरतूद आहे. आमच्या मोहल्ल्यात कुणाचे बाळ जन्मताना रडले नाही असे कळले, की मी मुबारकबाद द्यायला जातो आणि एकच गोष्ट विचारतो : डॉक्टरांचा कागद कुठे ठेवला आहे?