आधी लोखंड काढा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुरुडमध्ये आमच्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, परसातला फणस मुळासकट कौलांवर आडवा झाला आणि माजघराचं सागवानी दार चौकटीतून निखळलं. वीज गेली ती लवकर यायचं नाव घेईना. म्हणजे कटर, ड्रिल सगळं बाद. पडवीत वडिलांची हत्यारांची पेटी उघडली. रंधा, पटाश्या, गुण्या, जंबूर. माझा कारखाना सुरू झाला तो असा, नाइलाजाने.

दार बघून बरेच जण म्हणाले, विकून टाका. मुंबईत ओशिवऱ्याला जुन्या दारा-खांबांना गिऱ्हाईक असतं, हे खरं. इथे त्याच्या जागी प्लायवूडचं फ्लश डोअर लावतात आणि दोन-चार पावसाळ्यांत ते खालून फुगतं. एका म्हाताऱ्या सुतारमामांनी मात्र दाराभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच म्हणाले, “लाकडाकडे मागनं बघा. आधी लोखंड काढा.”

त्यांचं म्हणणं मला पटाशी हातात घेतल्यावर उमगलं. दार कुजलेलं होतं ते फक्त बिजागऱ्यांच्या आणि खिळ्यांच्या भोवती. खाऱ्या हवेत खिळा गंजतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि लाकूड आतून फाकवतो. शिवाय लोखंड आणि ओल एकत्र आली की सागावर काळे डाग पडतात आणि तिथलं लाकूड भुसभुशीत होतं. खाचा पाडून, लाकडी खुंट्या ठोकून जोडलेला सांधा मात्र जसाच्या तसा. जुन्या सुतारांनी लोखंड हात राखून वापरलं, ते नुसतं महाग होतं म्हणून नसावं.

गंजलेला खिळा थेट उपसायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. आधी त्याला आत हलकाच एक ठोका द्यायचा. गंजाची पकड सुटते. मग जंबुराखाली लाकडाची चीप ठेवून सावकाश ओढायचा. राहिलेल्या भोकात सागाची खुंटी सरस लावून बसवायची आणि रंध्याने सपाट करायची. काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरतात, पण हातमोजे घालून. आणि नंतर लाकूड भरपूर पाण्याने धुवायला हवं.

नव्या बिजागऱ्या पितळेच्या घेतल्या. पितळी स्क्रू मऊ. सागात जोर लावून फिरवला की मान मोडून आतच राहतो. म्हणून भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून काढायचा, म्हणजे आटे पडतात. मग पितळी स्क्रूला मेण चोळून बसवायचा. बाहेरच्या बाजूला स्टेनलेस स्टील लावायचं तर 316 नंबरचं मागा. दुकानात हमखास 304 पुढे करतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाच्या हवेत ते जास्त टिकतं. लोहचुंबक लावून फरक कळेल असं वाटत असेल तर तो नाद सोडा. दोन्ही जवळपास सारखीच वागतात.

फणसाचं काय केलं, हे सगळे विचारतात. त्याच्या फळ्या पाडून घेतल्या, टोकांना रंग फासला, मधे पट्ट्या घालून पडवीत थप्पी लावली. इंचभर जाडीला वर्षभर सुकवण, हा सुतारांचा ढोबळ हिशोब. तेवढे दिवस बायको पाहुण्यांना सांगत होती, “बसायला जागा नाही, पण लाकडाची वखार आहे.” ताजी फळी हळदीसारखी पिवळी होती, आता तांबूस तपकिरी झाली आहे. तिचा झोपाळा केला. कड्या तेवढ्या जुन्याच पितळेच्या, चिंचेने घासून.

मुरुड-श्रीवर्धनकडे अजूनही कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात वादळात निघालेलं दार पडलेलं असेल. विकण्याआधी खिळ्यांपासून चार बोटं लांब पटाशीचं टोक टोचून पाहा. लाकूड कोरडं आणि टणक लागलं तर भाव सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.