विषय कोठे सापडतो?

वाकोल्यात संत अंतोनीच्या सणाला दोन शब्द बोलावयाचे ठरले, की आम्ही मोठमोठे विषय धुंडाळतो: विश्वशांती, युवकांपुढील आव्हाने. श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात. आमच्या या आश्रयदात्या संताला 1222 साली इटलीतील फोर्ली येथे आयत्या वेळी प्रवचनास उभे केले गेले. वर्षानुवर्षे केलेले पवित्र शास्त्राचे चिंतनच तेव्हा त्याच्या मुखातून बोलले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी स्वतः लढले होते; म्हणून पर्यावरणाविषयी ते बोलत, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन असे. विषय आपला असावा लागतो, मनाला सलणारा, ज्यासाठी थोडे सोसावयाची आपली तयारी आहे असा. आमच्या घरांतून मराठी प्रार्थना मावळत चालली आहे. यंदा त्यावरच बोलू. आणि बोलण्याआधी, आज रात्रीची रोझरी मराठीतून म्हणू.