नडगी दुखते तेव्हा घराने काय करावे

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आता गावोगाव दिसतात. पहाटे साडेचार वाजता फाट्यापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर त्यांची पावले वाजू लागतात. त्यांच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो, 'शिन पेन'. शिन म्हणजे नडगी. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरपासून पोटरीच्या मध्यापर्यंत ठणका लागतो आणि तिथे बोट दाबले की जीव कळवळतो. या दुखण्याने अनेकांची तयारी अर्ध्यावर थांबते. घरच्यांना मात्र ते दुखणे वाटतच नाही, कारण रक्त आलेले नसते आणि प्लास्टर घातलेले नसते. म्हणून कुटुंबाच्या या पानावर आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

आम्ही नणंद-भावजय. धाकटी एकवीस वर्षांची, थोरली बत्तीस वर्षांची आणि तिच्या पदरी पाच वर्षांचा मुलगा. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात आमचे घर आहे. घरातले पुरुष गवंडीकाम करतात, आई रोजाने निंदायला जाते. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघींनी मिळून धावायला सुरुवात केली. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. त्यांतले निम्मे मिळाले तरच पुढच्या लेखी परीक्षेचा विचार होतो. मागासवर्गीयांना वयाची मर्यादा ३३ वर्षे. म्हणजे थोरलीला ही एवढीच संधी होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोघींच्याही नडग्या दुखू लागल्या. सुरुवातीला धावायला लागले की दुखायचे, अंग गरम झाले की थांबायचे आणि घरी आल्यावर पुन्हा ठणकायचे. बरोबरच्या मुलांनी वेगवेगळे उपाय सांगितले. कोणी गोळी घेऊन धाव म्हणाले, कोणी गरम तेलाने हाड चोळ म्हणाले. वेदना जिरव, मग पाय तयार होतो, असेही एकाने सांगितले. आईने मात्र दुसऱ्या दिवशी रोज बुडवला आणि आम्हांला सरकारी दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले ते प्रत्येक घराला कळले पाहिजे. धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. हाड हे लाकडासारखे निर्जीव नाही. भाराने ते आतून थोडे झिजते आणि विश्रांतीत पुन्हा भरून अधिक मजबूत होते. पण अंतर एकदम वाढवले, रस्ता कठीण असला, बुटांचे तळवे चपटे झाले आणि पोटभर अन्न-झोप नसली, तर भरून येण्याआधीच पुन्हा झीज होते. मग नडगी बोलू लागते.

पुढे त्यांनी बोटाने दाबून पाहिले. धाकटीला चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात दुखत होते. थोरलीला एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत दुखत होते आणि रात्री पडल्यावरही ठणका होता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. एका जागी दुखणे, रात्री दुखणे, एका पायावर उडी मारता न येणे, ही हाडाला बारीक चीर गेल्याची खूण असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. थोरलीचा पहिला एक्स-रे चांगला होता, तीन आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्यात चीर दिसली. पाळी अनियमित असेल तर तेही न लाजता सांगावे, असे डॉक्टर म्हणाले. कमी खाऊन खूप धावणाऱ्या मुलींची पाळी बिघडते आणि त्याबरोबर हाडेही कमजोर होतात.

धाकटीला तीन आठवडे, थोरलीला आठ आठवडे धावणे बंद. ऐकायला हे सोपे वाटते. पण आमच्यासारख्या घरात बाईचे धावणे बंद झाले तरी पाय कुठे बंद होतात? हापशीवरून पाण्याच्या खेपा असतात, सरपण असते, तासन् तास उभे राहून भाकऱ्या असतात. त्या रात्री आई म्हणाली, "पानी मी आनीन. तुम्ही बसा पोरीहो." दुसऱ्या दिवशी दादा कामावर जाण्याआधी सायकलला दोन कॅन बांधून हापशीवर गेला. गावात हसणारे हसले. तो रोज जात राहिला.

त्या आठवड्यांत आम्ही रिकाम्या बसलो नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे नडगीवर ठेवत होतो. धाकटीचा ठणका कमी झाल्यावर ती सायकल चालवू लागली आणि पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करू लागली, कारण पोटरी बळकट झाली की नडगीवरचा ताण कमी होतो. थोरलीने हे व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू केले. तोवर ती लेखी परीक्षेचा अभ्यास करत होती. ताटात तिळाची चटणी, अंडे, डाळ आणि जमेल तेव्हा सुकट आली. आधी घरात अंडे पुरुषांच्या ताटात पडायचे.

पुन्हा सुरुवात केली ती डांबरी रस्ता सोडून मऊ मातीच्या पांदणीवर. भरभर चालताना दुखत नाही, याची आधी खात्री केली. मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, तेही एक दिवसाआड. अंतर आणि वेग दोन्ही एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत, हा नियम आम्ही पाळला.

जून २०२४ मध्ये मैदानी चाचण्या सुरू झाल्या. आम्ही दोघीही ८०० मीटर पूर्ण धावलो आणि दोघींनाही निम्म्याहून अधिक गुण मिळाले. अंतिम यादीत आमचे नाव आले नाही. थोरलीचे वय निघून गेले. त्याचे दुःख आहे आणि ते राहील. पण तिचा पाय शाबूत आहे, तिच्या मागे मूल आहे आणि पुढे पन्नास वर्षे चालायचे आहे. धाकटीची तयारी सुरू आहे आणि थोरली तिचे घड्याळ धरते.

ज्या घरातून मूल पहाटे धावायला जाते, त्या घराला आमचे एवढेच सांगणे आहे. लेकरू नडगी धरून बसले तर त्याला आळशी म्हणू नका. दुखते कुठे, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. दवाखान्यात न्या. बुटांकडे आणि ताटाकडे बघा. आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर तिच्या वाट्याचे काम वाटून घ्या, कारण विश्रांती लिहून डॉक्टर देतात, पण ती मिळते घराकडून.