मनाचा पहारा

नाताळच्या सुटीत श्रीपुरास धाकट्या बंधूंकडे चार दिवस जाऊन राहावे, हा आमचा बहुत वर्षांचा परिपाठ आहे. माळशिरस तालुक्यातले हे गाव साखरेवर वाढलेले. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि मळीचा आंबूस वास हेच पाहुण्याचे स्वागत करतात. यंदा मात्र आमच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, एक चिठ्ठी होती, आणि तिच्यापायी सोलापूर ते श्रीपूर हा प्रवास काही सुखाचा झाला नाही.

वडील श्रावणात वारले. त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत ही चिठ्ठी आम्हास सापडली. सोलापुरातील घराचा वरचा मजला बांधताना धाकट्याने तीन लक्ष रुपये घातले होते. ते त्याला आधी देऊन मग घराच्या वाटण्या कराव्यात, एवढाच मजकूर. तारीख नाही, साक्षीदार नाही. बंधूंनी स्वतः या रकमेचा उच्चार कधी केलेला नाही. आम्ही चिठ्ठी फाडली नाही. लपविली असेही म्हणवत नाही. दाखविली नाही, इतकेच. चार महिने.

यात पाप ते कोणते, असे वाचक विचारतील. आम्हीही स्वतःस तेच विचारीत होतो. परंतु ज्या धर्मात आम्ही वाढलो त्याने ही पळवाट फार पूर्वी बुजवून टाकली आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने खुनाचा आणि व्यभिचाराचा तपास हातापाशी न थांबविता थेट अंतःकरणापर्यंत नेला. याकोबाच्या पत्रात तर वासना, तिचे अपत्य पाप आणि पापाचे अपत्य मृत्यू अशी तीन पिढ्यांची वंशावळच दिलेली आहे. लहानपणी रविवारच्या शाळेत हे सारे ऐकताना मोह म्हणजे दारू, मटका आणि सिनेमा अशी आमची समजूत होती. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास यांपैकी एकाचीही ओढ उरत नाही. त्याचे श्रेय सद्गुणास द्यावे की मंदावलेल्या पचनशक्तीस, हे सांगणे कठीण!

मिसर देशाच्या वाळवंटात 399 साली निवर्तलेला इव्हाग्रियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी होऊन गेला. माणसाला घेरणाऱ्या दुष्ट विचारांचे त्याने आठ प्रकार केले. विचारांनी यावे की न यावे हे आपल्या हाती नाही, त्यांना मुक्काम करू द्यावा की नाही हे मात्र आहे, असे त्याचे म्हणणे. त्याचे धनलोभाचे वर्णन आम्ही पूर्वी वाचले होते. या चार महिन्यांत ते नव्याने कळले. हा विचार सोन्याची नाणी खुळखुळवीत येत नाही. तो लांबलचक म्हातारपण दाखवितो, काम न करू शकणारे हात दाखवितो, दुखणी आणि दुष्काळ दाखवितो, दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज दाखवितो. आमच्याकडे तो नेमका याच वेषात आला. निवृत्ती जवळ आली, पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, धाकट्याचे बरे चालले आहे. यात लोभ कुठे दिसतो? दिसते ती दूरदृष्टी. अशा पाहुण्यास आम्ही बसावयास पाट दिला, आणि तो जेवूनखाऊन राहिला.

मौज अशी की या काळात आम्ही मनावर पहारा ठेवीतच होतो. रात्री चिठ्ठीची आठवण झाली की आम्ही तिला हाकलीत असू. उत्तरपत्रिका तपासाव्या, प्रार्थना करावी, ‘उगाच मन अस्वस्थ करू नये’ असे स्वतःस बजावावे. लहानपणी शेजारच्या वाड्यात तिन्हीसांजेस मुले रामदासांचे मनाचे श्लोक म्हणत. मनाला समजावावे, दटावावे, हा संस्कार आमच्यावर तिथूनही झालेला. दटावण्यात आम्ही कसूर केली नाही. दटाविले मात्र भलत्यालाच.

हे ध्यानात आले पंढरपूरच्या स्थानकावर, गाडीची वाट पाहताना. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर लक्ष्मीबाईंनी विरहाचा काही काळ याच पंढरपुरात काढला. पुढे पतीबरोबर राहावयास गेल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी निराळे ठेवले होते. त्यांच्या दृष्टीने तो धर्माचाच पहारा. आणि एके दिवशी जातिभेद माणसांनीच केला असावा हा विचार दाराशी आला, तेव्हा त्यांनी त्याला चोर म्हणून पिटाळले नाही, आत घेतले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली निघाला, आम्ही तो वर्गात किती वेळा शिकविला असेल! दाराशी आलेला प्रत्येकजण चोर नसतो, आणि आमचा पहारेकरी तर चोराशी संगनमत करून घरधन्यालाच अडवीत होता, हे आम्हास बाकावर बसल्या बसल्या कळले.

तथापि कळणे निराळे आणि करणे निराळे. श्रीपुरात दोन दिवस नुसते गेले. बंधू साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. तिसऱ्या दिवशी ते आम्हास कारखाना दाखवावयास घेऊन गेले. चुना आणि गंधकाचा धूर देऊन उसाचा रस कसा निवळतात हे सांगता सांगता त्यांनी सहज म्हटले, “दादा, यात सगळी घाई वेळेची. ऊस तोडून पडला, रस तुंबला, की साखर मरते. मग कितीही निवळा.” त्यांच्या मनात काहीएक नव्हते. आम्हास मात्र पुढची यंत्रे धड दिसली नाहीत.

सकाळी ते पाळीवर निघण्याच्या बेतात असताना आम्ही चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

“बाबांचे अक्षर शेवटी फारच कापत होते,” ते म्हणाले. मग घडी घालता घालता विचारले, “कधी सापडली?”

‘परवा’ हा शब्द आमच्या जिभेच्या अगदी टोकावर येऊन बसला होता. इतका सोयीचा, इतका निरुपद्रवी!

“श्रावणात,” आम्ही म्हणालो.

त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिले, चिठ्ठी खिशात ठेवली, आणि स्वयंपाकघराकडे वळून भावजयीस हाक दिली, “दादांचा चहा अजून व्हायचाय ना?”