कानाला कळणारी गाडी

आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे फियाटच्या, डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे मोजकेच होते. तेलाचा दाब उतरला तर एक पेटायचा, बॅटरी चार्ज होईनाशी झाली तर दुसरा. इंजिनाच्या बाकी दुखण्यांसाठी दिवा नव्हता. ती कानाने, नाकाने आणि नाक्यावरच्या मिस्त्रीने ओळखायची. टॅपेट वाजायला लागले, चढावर गाडी मिसिंग मारू लागली, सायलेन्सरमधून फटाके फुटू लागले, की काहीतरी बिनसलंय हे कळायचं. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेली आजीसुद्धा ओट्यावरून सांगायची, "आज गाडीचा आवाज निराळा येतोय रे."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या फियाटचा मिस्त्री ठरलेला होता. तो आधी बॉनेट कधीच उघडायचा नाही. मागे जाऊन सायलेन्सरच्या पुंगळीत बोट फिरवायचा आणि बोटाला लागलेली काजळी बघायचा. मग प्लग खोलून उजेडात धरायचा. टोक तपकिरी असेल तर काही न बोलता परत बसवायचा. काळंकुट्ट असेल तर म्हणायचा, "पेट्रोल पितीया नुस्ती. जेट बघाय पायजे." पांढुरकं असेल तर दुखणं उलटं: हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. त्यानंतर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायची आणि कुठला टॅपेट सैल आहे ते शोधायचं. शेवटी कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. आवाज एकसारखा लागला की तो हात पुसायचा आणि आम्ही पैसे काढायचो.

सायलेन्सरला तेव्हा फारसा मान नव्हता. दोन-चार पावसाळ्यांत तो आतून सडायचा. भोक पडलं की तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वर तार आवळायची, आणि सवड मिळाली की गॅस वेल्डिंग मारून घ्यायचं. गाडी गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा, एवढंच काय ते नुकसान. हौशी पोरांनी याच गोष्टीची चैन केली. मारुती ८०० आणि झेनला हेडर, फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठी पुंगळी. आतल्या जाळ्या काढल्या की आवाज भरदार व्हायचा आणि वरच्या आरपीएमला गाडी थोडी मोकळी पळायची. खालची ओढ मात्र बऱ्याचदा कमी व्हायची, शहरातल्या चढावर खालचा गिअर लवकर टाकावा लागायचा. पण ते कट्ट्यावर कोणी सांगत नसे. जेट बदलून मिश्रण जुळवून घेतलं की विषय संपला. गाडीच्या पोटात तक्रार करणारं कोणी नव्हतंच.

बदलाची सुरुवात १ एप्रिल १९९५ ला झाली. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, कारण शिसं आत गेलं की कन्व्हर्टर कामातून जातो. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. सायलेन्सरच्या अलीकडे बसलेल्या या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप. विषारी वायू त्यावरून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात. सुरुवातीला अनेकांनी "गाडीचा श्वास कोंडतो" म्हणत हा डबा फोडून रिकामा करून घेतला. तेव्हा तेही खपून गेलं, कारण डबा भरलेला की रिकामा, हे तपासणारं गाडीत काही नव्हतं.

आता आहे. २०१० पासून बीएस-४ या धुराच्या मानकाबरोबर गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करण्याची सोय आली, २०१३ पासून ती आणखी कडक झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. आजच्या पेट्रोल गाडीत कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर दुसरा. पहिला धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळलं जातं. मिस्त्रीचा तो पाव फेरा आता सेकंदाला कितीतरी वेळा आपोआप फिरतो. दुसऱ्या सेन्सरचं काम पहाऱ्याचं. कन्व्हर्टर धड असेल तर या सेन्सरचा आकडा जवळपास स्थिर राहतो. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला की तो पहिल्यासारखाच वरखाली नाचू लागतो. गाडी एक-दोन फेऱ्यांत खात्री करून घेते आणि इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लावते. स्कॅनर लावला की कोड येतो, पी०४२०.

इथून पुढची कसरत गॅरेजवाल्यांना पाठ आहे. मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला धुरापासून दूर न्यायचं, किंवा ईसीयू रिमॅप करून तो कोडच बंद करायचा. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण कोड बंद केला म्हणून धूर साफ होत नाही. नुसता कोड पुसला तर दिवा काही दिवसांनी परत येतो. आणि तो लुकलुकू लागला तर प्रकरण वेगळं: इंजिन जोरात मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजतंय. तेव्हा पाय हलका करून गाडी बाजूला घ्यावी.

जुन्या दिवसांची मजा खरीच होती, पण त्या मजेचा धूर कुणाच्या तरी छातीत जात होता, हेही तितकंच खरं. त्या काळच्या चारचाकीला पीयूसीत ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, बीएस-४ पासूनच्या गाडीला ०.३ टक्के. दहापट फरक आहे हा. सिग्नलला पद्मिनीच्या मागे दुचाकीवर उभ्या राहिलेल्या माणसाला हा फरक आकड्यांवाचूनही कळायचा.

मिस्त्रीची विद्या मात्र वाया गेलेली नाही. पी०४२० आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच असं नसतं. सेन्सर म्हातारा झालेला असतो, किंवा पाइपच्या जोडाचं गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत ओढली जात असते आणि सेन्सर फसतो. ती बारीक फुसफुस सकाळी गार इंजिन चालू करताना कानालाच सापडते. स्कॅनर कुठे बघायचं ते सांगतो. काय बिघडलंय ते अजूनही माणसालाच शोधावं लागतं. जिथे हे शोधण्याचा कंटाळा आहे, तिथे थेट हजारो रुपयांचा नवा कन्व्हर्टर बिलात चढतो.

कायद्यानेही आता ऐकून घेणं सोडलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल चालत नाहीत, आणि आवाज-धुराचे नियम मोडल्यास कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. पुणे-नागपूरच्या पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत.

हौस करायचीच असेल तर रेसिंग ट्रॅकवरच्या गाडीवर करा. रोजच्या गाडीचा कन्व्हर्टर आणि सेन्सर जागच्या जागी राहू द्या. पिवळा दिवा लागला तर मिस्त्रीला "लाइट घालवा" असं सांगू नका; "का लागलीय ते बघा" असं सांगा, आणि त्याने शोधायला घेतलेल्या वेळाचे पैसे कुरकुर न करता द्या.