डाव त्यांचा होता

वाचकहो, घरात एखादे वृद्ध माणूस आजारी असेल, तर दिवसभरात त्याची किती कामे आपण त्याच्या हातून काढून घेतो, याची तुम्ही कधी मोजदाद केली आहे का? शर्टाची गुंडी, चहाचा कप, फोनवरचे उत्तर. हे सारे आपण प्रेमानेच करतो. मीही करीत होते. त्याची पहिल्यांदा लाज वाटली, ती एका खेळाच्या मेळाव्यात.

बाबांचे वय ७८. सहा वर्षांपूर्वी त्यांना कंपवात असल्याचे निदान झाले. आई गेल्यावर ते लंडनला आमच्याकडे राहावयास आले. जालना जिल्ह्यातील शाळांत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. येथे मात्र त्यांचा दिवस गोळ्यांच्या वेळांत वाटला गेला. या आजारात आवाजही क्षीण होतो. समोरचा माणूस एकदा-दोनदा विचारी, आणि मग माझ्याकडे पाहून बोलू लागे.

माझ्या मुलाला छोट्या सैनिकांच्या लढायांचा छंद आहे. इतिहासातील एखादी लढाई मोठ्या मेजावर मांडतात. टेकड्या, नद्या, गावे आणि हाताने रंगवलेले, बहुधा २८ मिलिमीटर मापाचे सैनिक. चालीचे अंतर टेपने मोजायचे, परिणाम फाशांनी ठरवायचा. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली या खेळावर ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स या मंडळाचा ‘सॅल्यूट’ हा मेळावा १९७२ मध्ये प्रथम भरला. आता तो एक्सेल या प्रचंड प्रदर्शनगृहात भरतो. नातवाने आग्रह केला आणि बाबा तयार झाले. चाकांची खुर्ची मात्र त्यांनी नाकारली.

मी गोळ्यांच्या वेळांचा गजर लावला, पाणी घेतले, घडीचे स्टूल घेतले. या आजारात गोळीची वेळ टळली की शरीर अडून बसते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तरीही दुकानांमधल्या अरुंद वाटेवर, गर्दीत, बाबांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले. पूर्वी मी अशा वेळी हात धरून ओढीत असे. तसे करू नये, तोल जातो. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे आम्ही थांबलो, त्यांनी शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला, “एक, दोन, तीन” म्हटले, आणि पाऊल सुटले.

पुढे एका मेजापाशी ते आपणहून थांबले. मेजावर दोन नद्या होत्या आणि मधल्या दुबेळक्यात एक गाव. “असई,” बाबा म्हणाले. २३ सप्टेंबर १८०३ची ती लढाई. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांसमोर आर्थर वेलस्ली. केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून तेथे उतार असणारच, असा तर्क वेलस्लीने केला आणि त्याच उताराने सैन्य पलीकडे नेले. जालन्याचे ते असई बाबांनी मुलांना सहलीला नेऊन दाखवले होते.

येणाऱ्याजाणाऱ्यांनाही खेळता यावे, असे ते मेज होते. पलीकडच्या वयस्क इंग्रज गृहस्थांनी विचारले, मराठ्यांची बाजू घ्याल का? मी “त्यांना बरे नसते” असे म्हणू लागले, तोवर नातवाने स्टूल मांडले होते.

बाबा काहीतरी पुटपुटले. ते गृहस्थ माझ्याकडे वळले नाहीत. मेजाला वळसा घालून आले, बाबांच्या तोंडाजवळ कान नेला आणि थांबले. “उताराशी दोन पलटणी,” बाबांनी पुन्हा सांगितले. १८०३ मध्ये जे राहून गेले, ते त्यांना आता करायचे होते. आज्ञा पलटणींपर्यंत पोहोचते का, हे फाशांवर ठरणार होते. बाबांचा हात निघाला. सावकाश, फार सावकाश. भोवती चार माणसे उभी होती. मला राहवले नाही. मी फासे उचलले आणि टाकले.

गृहस्थांनी ते फासे गोळा केले, बाबांपुढे ठेवले आणि मला एवढेच म्हणाले, “डाव त्यांचा आहे.”

कंपवातातील कंप हात स्वस्थ असताना अधिक दिसतो. काही करण्यासाठी हात उचलला की पुष्कळदा तो कमी होतो. उरतो तो मंदपणा. हे मी डॉक्टरांकडून अनेकदा ऐकले होते. बाबांची बोटे फाशांवर मिटताना पाहिली, तेव्हा ध्यानात आले की मला सोसवत नव्हता तो हा मंदपणाच. माझ्या मदतीत काळजी होती, पण घाईही होती.

एक फासा मेजाखाली गेला. सगळे हसले, बाबाही. पुन्हा टाकला. दान हलके पडले, पलटणी पोहोचल्या नाहीत आणि तासाभरात शिंद्यांची बाजू हरली. परतीच्या गाडीत मात्र बाबा नातवाशी तोफखाना कोठे मांडायला हवा होता यावर वाद घालीत होते. इतके सलग बोलणे मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

आजार कमी झाला, असे मी म्हणणार नाही. दुसरा सारा दिवस त्यांनी थकून अंथरुणात काढला. मेळाव्यातून तासभर आधी निघावयास हवे होते. तुम्हीही रुग्णाला अशा ठिकाणी नेणार असाल, तर बसण्याची सोय, औषधाची वेळ आणि परतण्याची वेळ आधी ठरवा. उकळता चहा, जिना, गोळ्यांचा हिशेब येथे आपला हात जवळच असू द्या. पण जेथे धोका नाही, केवळ उशीर आहे, तेथे थांबून पाहा.

आता सकाळी बाबा शर्टाच्या गुंड्या स्वतः लावतात. सहा गुंड्यांना दहा-बारा मिनिटे लागतात. मी समोर बसते. तोवर चहा निवतो. मग तो पुन्हा गरम करते.