सावलीतला आकडा

प्रत्येक माणसाला एखादे निरुपद्रवी वेड असावे असे म्हणतात. कुणी टपालाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी वेळापत्रके जपून ठेवतो. मला वेड आहे तापमानाचे. दर वर्षी गुढीपाडवा झाला की मी दोनशे पानी वही काढतो, पट्टीने रेघा मारतो आणि मृग लागेपर्यंत रोज सकाळी वर्तमानपत्रातला आदल्या दिवसाचा कमाल आकडा तीत टिपून ठेवतो. हा आकडा सोनेगावच्या विमानतळावरचा. सोनेगाव आमच्या हिंगण्यापासून फार दूर नाही. तेव्हा तो आकडा आपलाच, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो.

ह्या वेडात कुतूहलापेक्षा अभिमानच अधिक होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. नागपूरच्या माणसाला आपल्या उन्हाचा भारी अभिमान! पुण्याचा भाचा फोनवर "मामा, इथे एकोणचाळीस झालंय हो, जीव नकोसा झालाय," अशी कुरकुर करू लागला की मी खो खो हसायचा. "अरे, एकोणचाळीसला आम्ही पांघरूण शोधतो!" असे त्याला सुनवायचा. २३ मे २०१३ रोजी सोनेगावला ४७.९ अंश नोंदले गेले, नागपूरच्या नोंदींतला तो उच्चांक. माझ्या वहीत त्या आकड्याभोवती लाल शाईची चौकट आहे. आल्यागेल्याला मी ते पान दाखवीत असे. जणू काही ते ऊन मीच पाडले होते!

"त्या वहीला पाडव्यालाच एक हार घाला म्हणजे झालं," असे आमची ही म्हणायची. मी तिकडे लक्ष देत नसे.

हिंगणा म्हणजे वेणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. आम्ही इथे प्लॉट घेतला तेव्हा नागपूर लांब वाटे. पुढे औद्योगिक वसाहत फोफावली, २०२० साली मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत येऊन ठेपली आणि शेतांच्या जागी लेआउट पडत गेले. कडुनिंब कमी झाले; सिमेंटचे रस्ते आणि टिनाची छपरे वाढली. आम्हीही त्या वाढीला हातभार लावला. मुलाचे लग्न ठरले होते, म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात वरचा मजला चढवायला घेतला. स्लॅब एप्रिलात पडला. मे संपत आला तेव्हा गच्चीचा कठडा आणि बाहेरचे प्लास्टर तेवढे राहिले होते. पहिला पाऊस उघड्या विटांवर पडता कामा नये, असा माझा हट्ट होता.

कामाला एक मिस्त्री आणि भंडाऱ्याकडून आलेली दोन जोडपी होती. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टिनाची खोपटी उभारून ती राहत. पुरुष माल कालवीत, आणि बाया, ज्यांना आमच्याकडे रेजा म्हणतात, घमेली डोक्यावर घेऊन वर चढवीत. त्यातली एक पंचविशीची, हसतमुख. दिवसभरात किती घमेली वाहिली ते ती तोंडाने मोजायची, आणि संध्याकाळी आमच्या हिला तो हिशेब सांगायची. माझ्यासारखेच तिलाही आकड्यांचे वेड आहे, असे मी थट्टेने म्हणत असे.

२५ मेला नवतपा लागला. हे नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला, अशी आमच्याकडे समजूत आहे. त्या आठवड्यात विदर्भाला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. एके दिवशी दुपारी मिस्त्री घाम पुसत खाली आला.

"काकाजी, बारा ते चार काम बंद ठेवू का? एवढ्या उन्हात माल लवकर सुकते, प्लास्टरले भेगा पडतात. माणसंही थकून राहिली."

भेगांचे मला पटले. माणसांचे पटले नाही. मी म्हटले, "कठडा तर चालू ठेवा. हे नागपूर आहे, महाबळेश्वर नाही! आणि अर्धा दिवस बंद म्हणजे मजुरीही अर्धी, हे आधी त्यांना विचारून ये."

तो विचारायला गेला नाही. काय उत्तर येणार हे त्याला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते.

३० मेला मोठी गंमत झाली. संध्याकाळपासून मोबाईलवर एकच बातमी फिरू लागली, नागपुरात ५६ अंश! हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने तसा आकडा दाखवला होता. मी हर्षाने वेडा व्हायचा तेवढा राहिलो. पुण्याला फोन केला, शेजाऱ्यांना हाक मारली, वहीत ५६ लिहून दुहेरी चौकट केली. पण तो आनंद टिकला नाही. यंत्रातल्या संवेदकात बिघाड होता, असा खुलासा आला. जिल्ह्यातल्या दुसऱ्या दोन केंद्रांनी त्याच दिवशी ४४ च्या आसपास तापमान दाखवले होते. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरनेही ५२.९ दाखवून देशभर खळबळ उडवली होती. तिथेही यंत्र तीनएक अंश चुकले असल्याचे मागाहून निघाले.

३१ मेला सकाळी मी वहीतला ५६ खोडला आणि खिन्न होऊन म्हणालो, "फक्त चव्वेचाळीस!"

त्या 'फक्त' ह्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी आकाशात पातळसे ढग होते. कूलर नुसताच घरघरत होता, गार वारा देत नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास मी खाली पेपर वाचीत पडलो होतो. जिन्यावरून त्या पोरीचे मोजणे ऐकू येत होते, "एकेचाळीस... बेचाळीस... एकेचाळीस... सात..." आकडा चुकला तसे माझे कान टवकारले, आकड्यांचे वेड ना! ती हसत होती, पण ते हसणे नेहमीचे नव्हते. मी बाहेर येतो न येतो तोच घमेले जिन्यावरून घरंगळत आले आणि त्यामागून ती खाली बसली, बसली ती आडवीच झाली. तिच्या नवऱ्याने हाक मारली तर भलतेच काहीतरी बडबडली. अंग तव्यासारखे तापलेले.

मी पाण्याचा पेला घेऊन धावलो. हिने तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. "अहो, शुद्ध नाही तिला. तोंडात पाणी घालू नका, छातीत जाईल! आधी एकशे आठला फोन लावा." महिला मंडळात एकदा डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान झाले होते. मी त्याला 'वेळ घालवण्याचे साधन' म्हणालो होतो. तेच आज उपयोगी पडले. हिने पोरीला बैठकीतल्या फरशीवर घेतले, बादलीच्या बादली अंगावरच्या लुगड्यावर ओतली, वर पंखा सोडला, आणि फ्रिजमधला सगळा बर्फ पंच्यांत बांधून मानेला, काखांत आणि जांघांत ठेवला. तो नवरा भिंतीशी उभा राहून पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होता, "रातभर झोप नाही लागली जी तिले. टिनाखाली रातीलेबी भट्टीच रायते."

गाडी आली. दवाखान्यात ताप मोजला तो १०६. तरुण डॉक्टर म्हणाले, "गाडी येईपर्यंत तुम्ही अंग थंड केलंत म्हणून बरं झालं. उष्माघातात पहिला अर्धा तास फार मोलाचा." मग त्यांनी सहज विचारले, "काम कुठे करत होती?"

"माझ्याच घरी," मी म्हणालो. दोनच शब्द, पण इतके जड शब्द मी आयुष्यात उच्चारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली, म्हणजे त्या टिनाच्या खोपटीत. हिने तिला तिथे जाऊ दिले नाही. आमच्या बैठकीत कूलरसमोर चटई टाकली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वहीकडे नीट पाहिले.

ज्या आकड्याची मी एवढी पूजा केली तो कुठला? वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या लाकडी झडपांची एक पेटी असते. जमिनीपासून चारेक फूट उंच. वारा आत खेळावा, पण ऊन मात्र शिरू नये अशी. तापमापक त्या पेटीत असतो. म्हणजे वर्तमानपत्रातला आकडा हा सावलीतला आकडा! हवा मोजायची तर ते योग्यच आहे, त्यात वेधशाळेची चूक नाही. चूक माझी. त्या पेटीतला पारा सावलीत स्वस्थ बसलेला असतो. त्याच्या डोक्यावर घमेले नसते, पायाखाली तापलेला स्लॅब नसतो आणि रात्री तो टिनाखाली झोपायला जात नाही.

नियमही मी वाचला. मैदानी मुलखात पारा चाळिशी ओलांडून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, किंवा सरळ ४५ ला पोचला, तर उष्णतेची लाट. ४७ ला तीव्र लाट. ह्या हिशेबाने आमचा ४४ म्हणजे लाटही नव्हे. पण माणसाच्या अंगाचा हिशेब निराळा. शरीराची उष्णता ३७ अंश. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता बाहेर जायची एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळण्याची. नागपूरकराला हे समजावून सांगायला नको, आपला कूलर ह्याच तत्त्वावर चालतो! कोरड्या हवेत पाणी वाळते आणि वारा गार होतो. ढग आले, दमटपणा वाढला की पाणी वाळेनासे होते आणि कूलर नुसता घरघरतो. ज्या दुपारी कूलर चालेनासा होतो, त्या दुपारी माणूसही चालेनासा होतो. मी कूलरला शिव्या देत होतो तेव्हा जिन्यावर तीच गोष्ट एका जिवंत यंत्रात घडत होती. त्यातून रात्रही तापलेली असली की शरीराला सावरायला उसंतच मिळत नाही. आज थकलेला माणूस उद्या थकूनच कामाला लागतो.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात तिथे नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले, असे पुढे अभ्यासकांनी काढले. त्यातून २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. नागपूरनेही २०१६ पासून तो मार्ग धरला. इशारे येतात, पिवळा, नारिंगी, तांबडा असे रंगही ठरलेले आहेत. पण मला वाटते, इशारा वेधशाळेतून निघाला म्हणजे पोचला असे नव्हे. 'आता थांबा' म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्या कानी जाऊन मनी उतरला तरच तो पोचला. त्या गच्चीवर तो अधिकार ना मिस्त्रीचा होता, ना त्या पोरीचा. तो माझा होता, आणि मी पेपर वाचीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावले. पहाटे सहाला काम सुरू, अकराला बंद; संध्याकाळी पाचला पुन्हा दोन तास; मजुरी पूर्ण दिवसाची. सावलीत रांजण, आणि हिच्या हातचे मीठ-साखरेचे पाणी, लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रात्री निजायला आमची बैठक. काम लांबले ते फार नाही, पण लांबले खरे. पावसाची पहिली सर माझ्या उघड्या विटांवर पडली, आणि काही बिघडले नाही. विटाच त्या, भिजल्या आणि वाळल्या!

कठडा पुरा झाला त्या दिवशी ती पोर हिशेब सांगायला आली. हिने तिला खण-नारळ दिला. जाताना ती मला म्हणाली, "काकाजी, त्या दिवशीचे माहे किती घमेले झाले होते जी? मले आठवतच नाही."

"बेचाळीस," मी म्हणालो. तो आकडा मी विसरणार नाही.

२०२५ च्या पाडव्याला मी नवी वही काढली तेव्हा ही हसली. पण रेघा मारताना मी रकाने वाढवले होते. कमाल तापमानाशेजारी रात्रीचे किमान, त्यापुढे हवेतला दमटपणा. शेवटचा रकाना पाहून हिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले, "काम किती वाजता थांबवले."

"आता कसलं काम? घर तर झालं," ती म्हणाली.

मी म्हटले, "शेजारी सुरू होतंय ना. जाऊन विचारीन रोज."

पुण्याचा भाचा मेमध्ये फोनवर पुन्हा कुरकुरला, "मामा, चाळीस झालंय हो." ह्या वेळी मी हसलो नाही. त्याला विचारले, "तुमच्या समोरच्या इमारतीचं काम चालू आहे ना? ते लोक दुपारी कुठे बसतात रे?"

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बघतो, मामा." आणि फोन तसाच ठेवून तो बघायला गेला.